बाबांची डांगरी कोण धुत होतं? : युद्धाला प्रश्न विचारणाऱ्या बायांबद्दल

मुळाकाठची | रविवार, सकाळी १०:१२

माझे बाबा ३१ वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कुठल्या ते लिहीत नाही, पुण्याच्या आसपास असे कारखाने काही एकच नाही. आमचं घर भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला डबा, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर अर्ध्या तासात बाबांची सायकल दिसली नाही की आई दारात येऊन उभी. बाबांची डांगरी ती इतर कपड्यांत कधी मिसळायची नाही. वेगळी बादली, धुण्याचा दगडही वेगळा. सोडा टाकून उकळली तरी कॉलरीचा आणि बाह्यांचा पिवळेपणा जायचा नाही, आणि धुता धुता आईची बोटंही पिवळी व्हायची. ती हळद आहे अशी लहानपणी माझी समजूत होती.

मागच्या महिन्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश कामगार बायांबद्दल वाचत होते. पुरुष आघाडीवर गेले आणि तोफगोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरायला बाया आल्या. त्यांची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना कॅनरी म्हणायचे, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. तिथे मी थांबले. आईची बोटं आठवली. त्या बायांची निदान इतिहासात नोंद आहे, कारण त्या फाटकाच्या आत होत्या. माझी आई फाटकाबाहेर होती. तिला पगार नव्हता, हातमोजे नव्हते, आणि ती कामगारही नव्हती.

सिंथिया एन्लो नावाच्या अमेरिकन अभ्यासक चाळीसहून जास्त वर्षं एकच प्रश्न धरून बसल्या आहेत: बाया कुठे आहेत? लष्करी तळाचा अभ्यास करायचा तर तळाबाहेरच्या बारमध्ये काम करणारी मुलगी बघा, तिथले कपडे धुणारी बघा, अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर नोकरी सोडणारी त्याची बायको बघा, गणवेश शिवणारी बघा. त्यांचं म्हणणं असं की लष्करीकरण ही छावणीच्या भिंतीआड घडणारी गोष्ट नाही. ते घरात, शाळेत, खेळण्यांत, लग्नाच्या बाजारात हळूहळू मुरतं, आणि मुरलं की दिसेनासं होतं. पुण्यात आपण ‘कॅम्पात जाऊन येते’ म्हणतो तेव्हा छावणी हा अर्थ डोक्यात तरी येतो का? लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, खडकी-देहूरोडचे कारखाने, या सगळ्याच्या मधोमध आपण राहतो आणि स्वतःला विद्येचं माहेरघर म्हणवतो.

असा प्रश्न विचारणाऱ्या बाया जगभर होत्या आणि आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. १९१५ च्या एप्रिलात, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, नेदरलँड्समधल्या हेगला अकराशेहून जास्त बाया जमल्या. शत्रुराष्ट्रांतल्या बाया एका सभागृहात! ब्रिटनमधून शंभरावर निघणार होत्या, पण सरकारने उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद केली आणि पोचल्या तीन. अध्यक्षस्थानी होत्या जेन अ‍ॅडम्स. त्यांना पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ग्रीनहॅम कॉमनची गोष्ट. १९८१ च्या ऑगस्टअखेरीस वेल्समधल्या कार्डिफहून ३६ बाया काही पुरुष आणि मुलांना बरोबर घेऊन चालत निघाल्या. इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर अमेरिकेची ९६ अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं येणार होती. तिथे पोचल्यावर दखल घेतली गेली नाही, तेव्हा त्या तिथेच राहिल्या. थंडी, चिखल, प्लॅस्टिकच्या कागदाची पालं, पुन्हा पुन्हा हुसकावणं. १२ डिसेंबर १९८२ ला ३०,००० बायांनी हातात हात गुंफून सुमारे १४ किलोमीटरच्या कुंपणाला वेढा घातला. कुंपणावर त्यांनी काय अडकवलं? मुलांचे फोटो, लंगोट, झबली. घरातलं ते सगळं तारेवर आणून टांगलं. क्षेपणास्त्रं तरीही १९८३ मध्ये आलीच, पण १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर १९९१ पर्यंत ती परत गेली. छावणी मात्र २००० सालापर्यंत होती. आज ते कुरण सगळ्यांना खुलं आहे, गुरं चरतात तिथे.

तुमच्या घरात, गावात, वस्तीत ही फाटकाबाहेरची कामं कोण करत होतं? लिहाल का?

---

सुभेदार_सातारकर | रविवार, दुपारी १२:४०

राम राम ताई. लेख शांतपणे वाचला. तुमच्या आईंना नमस्कार.

मी २८ वर्षं नोकरी केली, त्यातली ९ वर्षं बर्फात. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. तिथे घराघरात वर्दी आहे. आमच्या माणसांनी हौस म्हणून बंदूक धरली नाही. पाऊस नसतो, जमीन दोन एकर, भाऊ चार. तुम्ही जगातल्या बायांचं लिहिता ते ठीक, पण हे सगळं वाचून पोरांना वाटू नये की आम्ही काही पाप केलं. सीमेवर कुणीतरी उभं आहे म्हणून आपण इथे लिहितोय.

---

मुळाकाठची | रविवार, दुपारी १:०५

सुभेदार काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत याचं फार बरं वाटलं. माझे बाबा तुमच्याच हातातल्या गोळ्या बनवत होते, त्यामुळे पाप-पुण्याचा हिशेब मांडायचा तर तो माझ्या घरापासूनच मांडावा लागेल. मला तो मांडायचा नाही. जवान वेगळा आणि लष्करीकरण वेगळं. जमीन दोन एकर आणि भाऊ चार, म्हणून भरतीच्या मैदानावर पळणारी पोरं, हे तुम्हीच लिहिलंत. त्या पोरांपुढे दुसरी वाट का नाही, हाच प्रश्न या बाया विचारतात.

---

वानवडीची_वहिनी | रविवार, दुपारी ३:३०

मी अधिकाऱ्याची नाही, हवालदाराची बायको. १४ वर्षांत ७ घरं बदलली. हे फील्डवर असले की आम्ही कुटुंबांसाठीच्या वेगळ्या क्वार्टर्समध्ये. तिथे सगळ्या बायाच. गॅस संपला, मूल तापलं, शाळेत पालकसभा, सगळं आपलं आपण. मी डी.एड. आहे. तीनदा नोकरी धरली आणि तीनदा सोडली. एन्लोबाईंनी लिहिलेली ती ‘बदलीबरोबर नोकरी सोडणारी’ वाचून मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. हे गप्प बसले, मग म्हणाले, खरं आहे.

आणखी एक सांगते, फार थोड्यांना माहीत आहे. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला जो भत्ता मिळतो, तो तिने दुसरं लग्न केलं की थांबायचा. दिराशी लग्न केलं तर मात्र चालू राहायचा! घरातला पैसा घरात, आणि बाईही घरातच. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकली. २०१७! आमच्या शेजारी एक पंजाबी ताई राहायच्या. त्यांनी दिराबरोबर संसार केला. सुखी होत्या की नव्हत्या, कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

वीरपत्नी म्हणून स्टेजवर बोलावतात, नारळ-साडी देतात. तिला काय हवंय ते माइकवर विचारलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

---

रानजाई | रविवार, दुपारी ४:१०

वहिनी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 🙏

---

शब्दवेडी_पौर्णिमा | रविवार, सायंकाळी ६:२२

मी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची विद्यार्थिनी आहे. मला भाषेबद्दल लिहायचंय, कारण आमच्याकडे सध्या त्यावरच वाद चालू आहेत.

कॅरल कोन या अभ्यासक १९८४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अणुयुद्धाच्या तज्ज्ञांमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्या व्याख्यानांना हजेरी लावली, त्यांच्याबरोबर जेवल्या, त्यांची भाषा शिकल्या. १९८७ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यात सगळ्यात अस्वस्थ करणारी कबुली त्यांची स्वतःची आहे: ती भाषा येऊ लागल्यावर ती बोलायला मजा वाटू लागली, आणि त्या भाषेत मेलेल्या माणसांबद्दल बोलायला शब्दच नव्हते. शहरं बेचिराख होण्याला तिथे कोरडं, स्वच्छ नाव. ‘शांतता’ हा शब्द उच्चारला की बोलणारा भाबडा ठरायचा.

आता मराठीकडे बघा. ‘आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत.’ प्रत्येक निवडणुकीत, सीमेवर काही झालं की प्रत्येक सभेत हे वाक्य येतं. कुणा अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर त्याला बांगड्यांचा आहेर, आणि तो घेऊन जातात बायाच. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हेच झालं. १९१४ मध्ये एका निवृत्त अ‍ॅडमिरलने टूम काढली की गणवेशात नसलेल्या तरुणाला बायांनी भर रस्त्यात पांढरं पीस द्यायचं. भित्रेपणाची खूण. आणि बायांनी दिलीही! मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट युद्धाच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर त्यांचीच मुलगी सिल्व्हिया विरोधात. म्हणून ‘बाई म्हणजे शांती’ हे समीकरण मला पटत नाही. बांगडी ही शिवी होते तेव्हा लढाईची अर्धी तयारी झालेली असते, आणि त्यात आपलाही हात असतो.

---

बोपोडीचा_सिद्धार्थ | रविवार, रात्री ८:४५

जयभीम. धागा चांगला आहे, पण एक बाजू अजून आलेली नाही.

आमच्या समाजासाठी फौज म्हणजे गावकीच्या बाहेर पडायचा पहिला दरवाजा होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत शिकवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा त्या पगाराबरोबर शाळा गेली, पेन्शन गेलं, ताठ मानेने चालणं गेलं. १९१० मध्ये याच पुण्यातल्या शिवराम जानबा कांबळे यांनी लंडनमधल्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला, आम्हाला फौजेत पुन्हा घ्या म्हणून. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. माझे पणजोबा त्यात होते. पणजीला सही करता यायची, कारण मनीऑर्डर घ्यायची असायची. अंगठा लावायचा नाही असं पणजोबांनी पत्रातून बजावलं होतं.

तेव्हा लष्करविरोध करताना हे विसरू नका की काहींना गणवेशानेच पहिल्यांदा माणूस म्हणून वागवलं. त्याच शिवराम जानबांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढला आणि जेजुरीच्या खंडोबाला मुरळ्या सोडण्याविरुद्ध मोहीम चालवली. फौजेतली भरती मागणारा माणूस आणि मुरळीची सुटका मागणारा माणूस एकच. जगातल्या मोठ्या परिषदांमध्ये हा पेच मला दिसत नाही.

---

मुळाकाठची | रविवार, रात्री ९:३०

सिद्धार्थदादा, हा पेच मी मूळ लेखात आणायला हवा होता. माझे बाबाही त्याच वाटेने कारखान्यात लागले. सरकारी नोकरी, क्वार्टर, आम्हा बहिणींची शाळा. आईची पिवळी बोटं आणि माझी पदवी, दोन्ही एकाच पगारातून आली. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या पणजीच्या सहीबद्दल आणखी लिहा.

---

पेठेतला_जुना | सोमवार, सकाळी ७:५०

पुण्यात राहून ग्रीनहॅमपर्यंत जाताय तर वाटेत १८९७ लागतं.

प्लेग आला. रँडच्या प्लेग कमिटीने घरझडतीला गोरे सैनिक लावले. घरात सोजीर शिरणं, बायांना सगळ्यांदेखत तपासणं, लोकांना उचलून सरकारी इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत नेणं. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ती गोळी शाळेत शिकवतात. पण त्याआधी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून सरकारी प्लेग-इस्पितळात बायामुलींचे काय हाल होतात ते जाहीरपणे मांडलं होतं. ख्रिस्ती झालेली बाई, अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर संस्था चालवणारी, आणि इंग्रजांच्या सैनिकी कारभाराविरुद्ध नावानिशी लिहिते. सनातन्यांना ती आपली वाटत नव्हती आणि सरकारलाही नकोशी झाली. गोळीचं स्मारक आहे, पत्राचं नाही. मला हे फार लागतं.

त्याच्याही मागे जा. १८६४ चा छावणी कायदा, १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा. सैनिकांसाठी बायांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग आढळला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडणं. सैनिकाची तपासणी नाही! १८८६ च्या एका लष्करी परिपत्रकात रेजिमेंटच्या बाजारात बाया पुरेशा असाव्यात आणि दिसायला आकर्षक असाव्यात, अशी सूचना होती. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं. १८९१-९२ च्या सुमारास एलिझाबेथ अँड्र्यू आणि केट बुशनेल या दोन अमेरिकन बाया उत्तरेतल्या छावण्यांमधून फिरल्या, त्या बायांशी बोलल्या आणि कायदा रद्द झाला तरी प्रथा चालूच आहे हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. त्या नोंदणीतल्या बाया कुठल्या जातींच्या, कुठल्या दुष्काळातून आलेल्या, हे सिद्धार्थरावांना मी सांगायला नको.

---

जपानीची_ताई | सोमवार, सकाळी ११:१५

मी भाषांतराचं काम करते, त्या निमित्ताने ओकिनावाला जाणं झालं. जपानच्या जमिनीपैकी ०.६ टक्के जमीन ओकिनावाची, आणि फक्त अमेरिकी फौजेसाठी राखलेल्या तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तिथे. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी १२ वर्षांच्या शाळकरी मुलीला पळवून बलात्कार केला. तेव्हा सुझुयो ताकाझातो आणि ओकिनावाच्या इतर कार्यकर्त्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत होत्या. तिथे त्या लष्करी हिंसेबद्दलच बोलत होत्या, आणि परतल्या तर ही बातमी. त्यांनी लगेच संघटना बांधली, आणि मग जुन्या वर्तमानपत्रांतून, आठवणींतून १९४५ पासूनच्या अशा घटनांची यादी तयार करायला घेतली. ती यादी अजून वाढतेच आहे. मला त्या कामाची चिकाटी विलक्षण वाटते. निदर्शनं ओसरतात. वही भरत राहते.

---

सह्याद्री_७२ | सोमवार, दुपारी १:००

जपान, इंग्लंड ठीक. आता मणिपूर आणू नका म्हणजे झालं. आपल्या सैन्याची बदनामी होते.

---

शब्दवेडी_पौर्णिमा | सोमवार, दुपारी २:२०

दादा, मणिपूर आणणारच, कारण ते आपलं आहे. २००४ च्या जुलैमध्ये थांगजम मनोरमाला आसाम रायफल्सने रात्री घरातून नेलं आणि सकाळी तिचं प्रेत सापडलं. १५ जुलैला इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या आसाम रायफल्सच्या तळाच्या, फाटकासमोर १२ बाया विवस्त्र उभ्या राहिल्या. त्या तरुण मुली नव्हत्या, मुलाबाळांच्या आया होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी घानामध्ये लायबेरियाची शांतता-बोलणी रखडली होती, तेव्हा लायबेरियाच्या कार्यकर्त्या लेमा बोवी आणि त्यांच्या साथिणींनी सभागृहाची दारं अडवली. अटक करायला आले तेव्हा बोवी म्हणाल्या, कपडे उतरवीन. रक्षक मागे हटले. तिथे नुसती धमकी पुरली. इथे १२ जणींना प्रत्यक्ष करावं लागलं. नोव्हेंबर २००४ मध्ये आसाम रायफल्सने कांगला सोडला. अफस्पा, म्हणजे सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, मात्र राज्यात पुढेही राहिला. तो रद्द व्हावा म्हणून केलेलं इरोम शर्मिलांचं उपोषण ५ नोव्हेंबर २००० पासून ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत चाललं.

आणि हेही लिहिते, म्हणजे मी एकच बाजू सांगतेय असं होणार नाही. २०२३ च्या हिंसाचारात मैरा पैबींच्या, म्हणजे मशाली घेऊन पहारा देणाऱ्या मणिपुरी बायांच्या, त्याच परंपरेतल्या बायांनी रस्ते अडवले. जूनमध्ये इथाम गावात बायांच्या नेतृत्वाखालच्या जमावाने वेढा घातला आणि लष्कराला पकडलेले १२ सशस्त्र लोक सोडावे लागले. लष्कराला अडवणं म्हणजे लष्करीकरणाला विरोध, असं सरळ नसतं. स्वतःच्या जमातीच्या बंदुकीला प्रश्न विचारणं सगळ्यात अवघड.

---

अभिज्ञाची_आई | सोमवार, रात्री ९:००

माझी मुलगी अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतेय. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना परीक्षेला बसू द्यायचा अंतरिम आदेश दिला तेव्हा ती सातवीत होती, त्या दिवसापासून पहाटे पळते. ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली, तेव्हा टीव्हीसमोर आम्ही दोघी रडलो. हा धागा वाचून मी गोंधळले. ती जे करतेय ते स्त्रीवाद नाही का?

---

वानवडीची_वहिनी | सोमवार, रात्री १०:१०

अभिज्ञाच्या आई, पळू द्या तिला. मी असते तर मीही पळाले असते. फक्त ती तिथे पोचल्यावर तिचे कपडे कोण धुतंय, तिची बदली झाली की कुणाची नोकरी सुटतेय, आणि ज्या गावात ती जाईल तिथल्या बाया तिला बघून दार उघडतात की कडी घालतात, हे तिने बघावं. एवढं तुम्ही तिला शिकवू शकता.

---

सुभेदार_सातारकर | मंगळवार, सकाळी ६:३०

वहिनी, कडी घालायचे. मी पाहिलंय. आमच्या तुकडीने कुणाला हात लावला नव्हता, तरी घालायचे. एका घरात म्हातारी पाणी द्यायची, पण नात कधी पुढे आली नाही. घरी आल्यावर माझी लेक पळत येऊन बिलगायची तेव्हा ती न दिसलेली नात आठवायची. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

---

मुळाकाठची | मंगळवार, रात्री ९:४०

काका, हे इथे लिहिलंत. आभार कसे मानू कळत नाही.

काल आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती ७६ वर्षांची आहे. कॅनरींवर थांबवलं आणि विचारलं, त्या बायांचे कपडे कोण धुत होतं? मला सांगता आलं नाही. मग स्वतःच बोलू लागली. वसाहतीतल्या बाया नळावर एकमेकींना विचारायच्या, तुझ्या घरी पिवळं की काळं? नवरा कुठल्या सेक्शनला आहे, ते डांगरीच्या रंगावरून कळायचं. काळंवाली पिवळंवालीच्या आधी पाणी भरायची, कारण पिवळ्याचं धुणं शेवटी, मागच्या मोरीपाशी. हा नियम बायांनीच ठरवला होता. तान्ही मुलं असलेल्या घरांचं धुणं दुसरीने करायचं, हाही. कुणी शिकवलं नव्हतं, म्हणाली, आमचं आम्हाला कळत होतं.

पौर्णिमाने निरोप पाठवलाय की तिला हे रेकॉर्ड करायचंय. आई तयार आहे, पण तिची अट आहे की तेव्हाच्या शेजारच्या दोघींनाही बोलवायचं, एकटीला सगळं आठवत नाही. एक दापोडीला असते, दुसरी लेकाकडे चिखलीला. रविवारी सकाळी जमतंय बहुतेक.

बाबांची एक डांगरी अजून पेटीत आहे. रविवारी दाखवायला मी ती धुवून ठेवणार होते. आईने हातातून काढून घेतली आणि न धुता, तशीच घडी घालून बाजूला ठेवली.